पूजेतला पाना

हे माझ्या तोंडून आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. बायकोच्या नाही, पोरांच्या नाही. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा एका दुपारी घरात ती आणि मी दोघंच होतो, माझा हात तिच्या हातात होता — तेव्हा अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, जाता जाता तिला कशाला त्रास. खरं सांगू? तिची काळजी नव्हती ती. माझीच होती.

मग तुम्हालाच का सांगतोय? काय माहीत बुवा. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. मधेच अडखळलो तर अडखळू द्या. आणि सुरुवातीला हसायला येईल, कारण गोष्ट मोटारसायकलच्या ब्रेकची आहे. हसा हवं तर. मीही त्या ब्रेकला पुष्कळ दिवस हसण्यावारीच नेलं होतं.

नव्वदनंतरची, नुकतीच कुठं गावात मोटारसायकली दिसायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कुंडल. घरचा ऊस, आबा शेतीत, थोरला भाऊ फौजेत. त्याला मी दादा म्हणतो. दादा तिथं गाड्यांवर होता — चालवायच्या आणि सांभाळायच्या. सुट्टीवर आला आणि मिलिटरी कँटीनमधून नवीकोरी मोटारसायकल घेऊन आला. महिनाभर फिरवली, आणि परत जाताना चावी माझ्या हातात ठेवली. मी तेव्हा शिक्षण सोडून घरी बसलेला, कामाला कमी आणि फिरायला पुढं.

चावी देताना त्यानं मला गाडीपाशी उकिडवं बसवलं. फौजेत म्हणे रोज सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी तिची तपासणी होते. टायर, चेन, तेल, दिवे, ब्रेक — सगळं हातानं, डोळ्यानं बघायचं. तू रोज नको बघू, म्हणाला, रविवारचं बघ. आणि मागच्या चाकावरचा एक बाण दाखवला. चाकाच्या मधोमध गोल डबा असतो, त्याच्या आत ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे आणि हळूहळू झिजणारे तुकडे. बाहेरच्या अंगाला ब्रेक ओढणारी पट्टी, आणि तिच्या बुडाशी पत्र्याचा हा एवढासा बाण. ब्रेक दाबला की बाण सरकतो. डब्यावर एक खूण असते. बाण त्या खुणेला टेकला की समजायचं, आतले लायनर संपले. पेडल कितीही घट्ट लागू दे, गाडी हलवायची नाही.

समजलं का, म्हणून त्यानं विचारलं. मी मान हलवली. एवढं सोपं होतं. पहिलीतल्या पोराला कळलं असतं.

दोन-तीन रविवार बघितलंही. मग सुटलं. पलूस, आष्टा, तासगाव — कुणाला कुठं सोडायचं असलं की मी तयारच. केस मागं उडवत. पेडल सैल लागलं की मागचा नट दोन वेढे आवळायचा, की झालं. नट आवळत आवळत शेवटाला आला, तरी बाणाकडं वाकून बघावं असं एकदाही वाटलं नाही.

आता मिलिंद. हे नाव घेणं जड जातं.

मिलिंद मेस्त्रीचं गॅरेज गावातच, स्टँडच्या बाजूला. माझ्याच वर्गातला. शाळेत एका बाकावर बसलो होतो. बौद्धांचं घर, वस्ती गावाच्या त्या अंगाला. पोरगा हाताचा पक्का आणि जिभेचा तिखट. गिऱ्हाईक कोण आहे, कुणाचा आहे, बघायचा नाही. गाडी घाण ठेवली की तोंडावर बोलायचा. लोक त्याच्याकडं जायचे आणि मागं कुरकुरायचे.

दसऱ्याच्या आधी एकदा मी दोस्तांबरोबर तिथं हवा भरायला थांबलो. तो चाकाकडं बघतच राहिला. वाकला, पेडल दाबून बाण बघितला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "विलास, आरशात बघतोस त्याच्या निम्मं तरी खाली बघत जा, गड्या. लायनर संपल्यात. गाडी आजच सोड हितं. मी दसऱ्याला नागपूरला जाणार हाय, मग गावायचो न्हाई."

दोस्त खो खो हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उद्या आणतो म्हटलं आणि किक मारली.

आणली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. का नाही? चालढकल म्हणाल — ती होतीच. पण आज झाकायचं नाही असं ठरवलंय, तर ऐका. मला त्याचं बोलणं लागलं होतं. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मीही हसलो असतो. मिलिंदनं बोलावं? मला? एका बाकावर बसून जे मनातून गेलं असं मला वाटत होतं, ते गेलेलं नव्हतं. तो गाडीबद्दल बोलला, मी ते जातीवर घेतलं. तो नागपूरला गेला, दीक्षाभूमीला. दर दसऱ्याला जायचा. गॅरेजला कुलूप लागलं, आणि मला उलट बरंच वाटलं.

मग दादाचा निरोप आला. सुट्टी मिळाली होती. खंडेनवमीच्या संध्याकाळी तो पोचणार होता.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं त्याच्या, पण वहिनी आणि तो मिळून दोन महिनेसुद्धा एकत्र राहिले नव्हते. घरात आनंदीआनंद. मी मात्र आधी गाडी गाठली. कारण आल्या आल्या दादा पाणी प्यायच्या आधी गाडी बघणार, हे मला माहीत होतं. मी वाकून बघितलं. बाण खुणेच्या पुढं गेला होता.

आता काय करायचं? खंडेनवमी म्हणजे आमच्याकडं हत्यारांची पूजा. विळा, खुरपं, कुऱ्हाड, नांगराचा फाळ — सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. गावातल्या सगळ्या मेस्त्र्यांचे पाने पूजेत. त्या दिवशी कुणी नट फिरवणार नाही. आणि ज्यानं फिरवला असता, पूजेबिजेचं ज्याला काही नव्हतं, तो नागपूरला. आणि खरं बघितलं तर मेस्त्रीची गरजच काय होती? दादाला नुसतं म्हणायचं होतं, दादा, माझ्याकडून राहिलं. काय झालं असतं? चार शिव्या. चावी काढून घेतली असती. बास. तेवढ्याला भ्यालो मी.

आई स्वयंपाकघरात होती. मी देवघरापुढच्या पाटावरून दहा-अकराचा पाना उचलला.

पूजेतला. कुंकू ओलं होतं अजून.

गोठ्यामागं गाडी नेली. ब्रेकची ती पट्टी एका दातेरी दांड्यावर बसलेली असते. बोल्ट सैल केला, पट्टी उपसली आणि दोन दाते मागं सरकवून परत बसवली. हे मी मिलिंदच्याच गॅरेजात ऐकलं होतं — कुणी गिऱ्हाईक असं करून द्या म्हणालं, तर मिलिंद त्याच्या अंगावर ओरडला होता, की असं केल्यावर आतला दांडा पार फिरतो, ऐन वेळी ब्रेक लागतच नाही. म्हणजे काय होतं हे मला ठाऊक होतं. अडाणीपणानं केलं, असं म्हणायची सोयसुद्धा नाही मला. पट्टी बसवली, आणि पकडीनं तो पत्र्याचा बाण हळूच मागं वाकवला. पेडल दाबून बघितलं. घट्ट. बाण खुणेच्या खूप अलीकडं. नव्या गाडीसारखा.

पाना पुसून पाटावर ठेवला. आईला कळलं नाही.

दादा संध्याकाळी उशिरा आला, पाहुण्यांत अडकला, गाडी राहिली. सकाळी दसरा. मी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. दादा उठला, चूळ भरली, आणि बनियनवरच गाडीशी उकिडवा बसला. टायर दाबले. चेन बघितली. मी शेजारी उभा, हातात पाण्याची बादली. मग तो मागच्या चाकापाशी गेला, आणि थांबला.

ब्रेकच्या बोल्टवर कुंकू होतं. पान्याचं लागलेलं. गाडी धुतली मी, पण तेलात कालवलेलं ते कुंकू पट्टीच्या बेचक्यात तसंच लाल राहिलं होतं.

वाटलं, संपलं. दादानं बोट लावून बघितलं आणि मान वर करून हसला. म्हणाला, हितंबी पूजा केलीस व्हय रं? त्याला कौतुक वाटलं होतं. वहिनीला हाक मारून दाखवलं त्यानं — बघ, धाकट्यानं ब्रेकलासुद्धा कुंकू लावलंय. वहिनी हसली. मीही हसलो.

मग त्यानं पेडल दाबून बाण बघितला आणि विचारलं, "लायनर कवा बदलल्यास? कुणाकडनं?"

"मिलिंदनं बदलल्या. नागपूरला जायच्या आदी."

असं सटकन आलं तोंडातून. विचार करावा लागला नाही. गावात आणखी मेस्त्री होते, त्यांच्यापैकी एकाचं नाव का नाही आलं? ते गावात होते, दादा विचारायला गेला असता म्हणून? ते तर आहेच. पण त्याचं नाव घेताना मला आतून बरं वाटलं, हेही आहे. आरशाचं बोलला होता ना मला.

त्याच दिवशी, सोनं वाटून झाल्यावर, दादानं घरात सांगितलं की उद्या वहिनीला घेऊन महाबळेश्वरला जाणार. तिनं कधी बघितलं नव्हतं. पाऊस संपलेला, सगळं हिरवंगार असेल म्हणाला. मोटारसायकलवर.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी! मीही तेच म्हणत आलोय इतकी वर्षं. वाई सोडल्यावर पसरणीचा घाट आहे, चढताना काही नाही, उतरताना पाय ब्रेकवरच ठेवावा लागतो. मला माहीत होतं. अख्खा दिवस माझ्याकडं होता. मी दादाच्या मागं मागं फिरलो. दोनदा तोंड उघडलं. एकदा आबा आले, एकदा कुणीच आलं नाही — तरी मिटलं. स्वतःची समजूत घालत होतो की पेडल घट्ट आहे, पुढचाही ब्रेक आहे, दादा फौजेतला ड्रायव्हर आहे. लोक काय काय चालवतात!

सकाळी ते निघाले. वहिनी नवी साडी नेसून मागं बसली. दादानं किक मारली आणि मी हँडल धरलं.

"दादा."

"काय रं?"

त्यानं गाडी बंद केली. नीट ऐकायला बंद केली, बघा. वहिनीही माझ्याकडं बघत होती.

"सावकाश जावा," मी म्हणालो.

तो दिवस मी कसा काढला ते सांगत बसत नाही. गावातला फोन दूध डेअरीत होता. मी काही काम नसताना डेअरीपुढं बसून राहिलो. फोन वाजला की उठायचो. दुसऱ्या दिवशीही तसाच. परतीचा दिवस होता तो. दुपार टळली, आणि डेअरीतल्या माणसानं फोन कानाला लावून माझ्याकडं बघितलं. त्याच्या बघण्यावरूनच कळलं.

पसरणीच्या उतारावर पेडल एकदम खाली गेलं होतं. दादानं पुढचा ब्रेक दाबला, वळणावर बारीक खडी होती, गाडी कठड्यावर गेली. वहिनीचा हात मोडला. दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. साताऱ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. मला बघून पहिलं काय म्हणाला? म्हणाला, मी बाण बघितला होता रं. बरोबर होता. आबांनी विचारलं, कामाला कुणाकडं टाकली होती गाडी? दादानं नाव सांगितलं. मी सांगितलेलं.

मी तिथं उभा होतो.

गाडी टेंपोतून घरी आणली ती मीच. आणि पहिलं काम काय केलं असेल, तर मागचं चाक सोडवलं. लायनर झिजून लोखंडाला लोखंड घासलं होतं. ते कॅनॉलमध्ये फेकून दिले. चाक, त्या कुंकवाच्या पट्टीसकट, गोठ्यात कडब्याखाली सारलं.

मिलिंद नागपूरहून परतला. त्याला काही माहीतच नव्हतं. गॅरेज उघडून झाडत होता. आबा गेले, भावकी गेली, मला जावंच लागलं. मिलिंद आधी गोंधळला, मग चिडला. म्हणाला, गाडी मी सोड म्हणालो होतो, ती आलीच न्हाई. मी हातच लावला नाही. कुणीतरी त्याची रॉकेलची परात लाथेनं उडवली. तो मागं हटला नाही. आबांना म्हणाला, "आवं आबा, चाक आणा की हितं. सगळ्यांच्या म्होरं उघडतो. आत नव्या लायनर दिसल्या, तर माझं गॅरेज पेटवा."

खरं होतं त्याचं. सरळ होतं. सगळे माझ्याकडं वळले, आणि आबांनी मला चाक आणायला सांगितलं.

"चाक भंगारात गेलं," मी म्हणालो.

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. शाळेतल्यासारखंच, सरळ डोळ्यांत. आणि आवाज खाली आणून म्हणाला, "विलास, तू सांग. मी लावला व्हय हात गाडीला?"

आजवर सगळे समजतात की मी तिथं गप्प उभा होतो. घाबरलेलं पोर, भावाच्या दुःखात. बघा, मीही इतकी वर्षं मनात तसंच ठेवलं होतं — मी गप्प होतो म्हणून. गप्प नव्हतो मी. मी म्हणालो, "व्हय. तूच बसवल्या."

हेच सांगायचं होतं. इथवर यायला एवढं फिरलो.

त्यानं लाथेनं उडवलेली परात उचलून आत ठेवली. गॅरेजची जागा ज्याची होती त्यानं ती काढून घेतली. गावात कुणी त्याच्याकडं गाडी टाकेना. थोड्याच दिवसांत तो बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन चिंचवडकडं गेला, कुठल्याशा कारखान्यात. दादा पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात कितीतरी महिने पडून होता. पाय राहिला, पण आखूड. फौजेनं घरी पाठवलं. जो माणूस डोळे मिटून गाडीचा आवाज ओळखायचा, तो उसाला पाणी पाजायला लागला. तोंडानं कधी तक्रार नाही.

पण गाडी दिसली की दादा अजून वाकतो. गावातल्या कुणाचीही असो, लंगडत जातो, मागचं चाक बघतो, पोरांना थांबवून सांगतो — बाणावर जाऊ नका, डबा उघडून बघा, मी नुसता बाण बघितला आणि फसलो. आणि मग मिलिंदची गोष्ट सांगतो. सांगून सांगून गावात शब्दच झालाय. कुणी भिंत वाकडी बांधली, कुणी पंप नीट भरला नाही, की म्हणतात, मिलिंदचं काम. ज्यांनी मिलिंदला बघितलेलंसुद्धा नाही ती पोरं म्हणतात. माझी पोरं म्हणतात. माझ्या घरात, माझ्यासमोर.

एकदा तो दिसला. साताऱ्याच्या स्टँडवर, बरोबर एक शाळकरी मुलगी होती. त्यानं मला बघितलं. मला वाटलं, शिवी देईल. मी उभाही राहिलो, द्यावी म्हणून. शिवी दिली असती तर मला हलकं वाटलं असतं — म्हणजे तिथंही मी माझंच बघत होतो. त्यानं मुलीचा हात धरला आणि दुसऱ्या फलाटाकडं गेला.

तो पाना अजून आमच्या घरात आहे. खंडेनवमीला पाटावर असतो. पूजा दादाच करतो आता, आबांच्या मागं. खाली बसता येत नाही नीट त्याला, तरी एका हातानं भिंत धरून बसतो, आणि सगळ्या हत्यारांबरोबर त्या पान्यालाही कुंकू लावतो. मी मागं उभा असतो.

दादा, तू त्या दसऱ्याला विचारलं होतंस, लायनर कवा बदलल्यास, कुणाकडनं. बदलल्याच नव्हत्या. मिलिंदनं गाडीला हात लावला नव्हता. ते कुंकू पूजेचं नव्हतं, माझ्या हातातल्या पान्याचं होतं.